याकोवची वही

रात्री चेखॉवची ‘रॉथशिल्डचं फिडल’ पुन्हा वाचली. १८९४ ची कथा. लेखक तेव्हा जेमतेम ३४ वर्षांचा. पण पेशाने डॉक्टर, मरणं जवळून पाहिलेला.

याकोव शवपेट्या करणारा सुतार. सगळा तोटा वहीत मांडणारा. सणावारी काम बंद, तर तोही तोटाच. बायको मार्फा अंथरुणाला खिळते तेव्हा ती जिवंत असतानाच हा गृहस्थ तिचं माप घेतो आणि वहीत टिपतो : २ रुबल ४० कोपेक. ती विचारते, पन्नास वर्षांपूर्वीचं आपलं सोनेरी केसांचं बाळ आठवतं का? याला काही म्हणजे काही आठवत नाही. तिला पुरून आल्यावर नदीकाठचं जुनं झाड दिसतं, आणि मग सगळं भडाभडा वर येतं.

पश्चात्तापसुद्धा जमाखर्चाच्याच भाषेत : मासे धरून विकता आले असते, होडी चालवता आली असती! मला चेखॉव इथेच मोठा वाटतो. मरायला टेकला म्हणून माणसाची बोली बदलत नाही. टॉल्स्टॉयच्या इव्हान इलिचला शेवटी प्रकाश दिसतो. तो जरा सढळ हाताने दिलाय असं माझं आपलं मत. याकोवला एवढंच सुचतं की आपलं फिडल रॉथशिल्ड नावाच्या बासरीवाल्याला द्यावं, ज्याच्या अंगावर तो मारायला धावला होता.