जामच्या काठाने

प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर आगगाडी, बिछान्याची वळकटी आणि शिदोरीचा डबा उभा राहतो. काशी, रामेश्वर, बदरीकेदार ही नावे ओठांवर येतात. घरापासून कोसभर अंतरावर जे आहे ते पाहावयास निघणे, याला मात्र कोणी प्रवास म्हणत नाही. पांढुर्णा आणि सौंसर या दोन गावांच्या परिसरात आम्ही काही शिक्षकमित्र सुटीच्या दिवशी पायी हिंडत असतो. या हिंडण्यात ना गड चढावयाचा असतो, ना तंबू ठोकावयाचा. सकाळी निघावे, नदीच्या काठाने तास-दोन तास चालावे आणि ऊन तापण्याच्या आत घरी परतावे, एवढाच कार्यक्रम. पाच वर्षांचे नातवंड आणि सत्तरीचे आजोबा दोघांनाही झेपाव्यात अशाच या वाटा आहेत.

वाचकांपैकी अनेकांची घराणी पेशवाईत वा त्यानंतर उत्तरेकडे गेली आणि तेथेच स्थिरावली. आमच्या भागाची गोष्ट थोडी निराळी आहे. आम्ही कोठे गेलो नाही. सीमारेषाच आमच्या अंगणापलीकडून गेली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपुरासह विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्यातला हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. 5 ऑक्टोबर 2023 पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला असून सौंसर त्यातच येते. कचेरीत हिंदी आणि वावरात मराठी, अशी आमची सोयीची वाटणी आहे.

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा हा प्रदेश नद्यांनी छान आखून दिला आहे. पश्चिमेला वर्धा, ती शेजारच्या बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावते. पूर्वेला कन्हान. या दोहोंच्या मध्ये आमची जाम, जी पुढे कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेत जाते, आणि वैनगंगा व वर्धा एकत्र आल्या की त्यांची प्राणहिता होते. म्हणजे आमच्या माळावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब, एक पश्चिमेला वाहिलेला आणि एक पूर्वेला, शेकडो कोस हिंडून पुन्हा एकमेकांना भेटतात व गोदावरीच्या वाटेला लागतात. भूगोलाच्या तासाला हे आम्ही नकाशावर दाखवीत असतो. परंतु नदीकाठी उभे राहून सांगितले की मुलांचे डोळे जसे चमकतात, तसे नकाशापुढे चमकत नाहीत.

पहिली वाट पांढुर्ण्यातलीच. जामच्या एका तीराला पांढुर्णा आणि दुसऱ्या तीराला सावरगाव. दोन्ही गावांत नातीगोती आहेत, बाजार एक आहे. तथापि जगाला ही जागा ठाऊक आहे ती वर्षातल्या एकाच दिवसामुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचे झाड उभारतात, त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही तीरांवरून गोटमार सुरू होते. झेंडा हस्तगत झाला की तो चंडीमातेच्या देवळात जातो. या प्रथेमागे एक कथा सांगतात. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडीत होता, आणि दोन्हीकडून झालेल्या दगडांच्या वर्षावात ती दोघे पात्रातच गेली. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. काहींचे प्राणही गेले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू वापरावेत असा प्रयत्न प्रशासनाने करून पाहिला, तोही रुजला नाही. त्याच दिवशी नागपुरात मारबत निघते आणि विदर्भभर लहान मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात, हे लक्षात घेतले म्हणजे आमच्या नदीच्या वाट्याला काय आले आहे ते जाणवते.

पण नदीला उरलेले तीनशे चौसष्ट दिवसही असतात. पौषात पहाटे या काठाने चालावे. पाण्यावर धुक्याचा पातळ थर असतो. खंड्या एखाद्या वाकलेल्या फांदीवर ध्यान लावून बसलेला दिसतो. हिवाळ्यात येणारे धोबी पक्षी शेपटी हलवीत ओल्या दगडांवरून तुरुतुरु पळतात. फाल्गुनात पळस फुलतो. ज्या झाडाला भाद्रपदाच्या आरंभी आपण तोडून पात्रात उभे करतो, तेच झाड वसंतात कोणाचेही रक्त न सांडता लाल होते. पोळ्याच्या आधी शेतकरी बैलांना धुवावयास पाण्यावर आणतात. खांदशेकणीला तूप-हळद लावून त्यांच्या खांद्यांची सेवा करतात. ते दृश्य पाहावयास मात्र परगावचा कोणी येत नाही.

दुसरी वाट गावाबाहेरच्या पांदणीची. दोन वावरांच्या धुऱ्यांमधून जाणारी ही गाडीवाट हिवाळ्यात कोरडी आणि पायांना मऊ असते. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा. माघाच्या सुमारास आंबिया बहाराची पांढरी फुले उमलतात, तेव्हा सुगंध पुढे आणि आपण त्याच्यामागे असे चालणे होते. झाडाला बहार यावा म्हणून बागाईतदार आधी त्याचे पाणी तोडतो. याला ताण देणे म्हणतात. पाने मलूल झालेली अशी बाग पाहून नवखा माणूस हळहळतो. जाणता शेतकरी नुसता हसतो. शिक्षकाच्या धंद्यातल्या माणसाने या ताणाचा आणि बहाराचा संबंध नीट समजून घ्यावा, असे आम्हाला नेहमी वाटते.

तिसरी वाट सौंसरकडची. जाम तेथे पोचते तेव्हा जामसावळीला तिला सर्पा नदी मिळते. पिंपळाखाली निद्रिस्त असलेल्या हनुमंताचे स्थान ते हेच. शनिवारी-मंगळवारी येथे पाय ठेवावयास जागा नसते. म्हणून चालणाऱ्याने बुधवार वा गुरुवार निवडावा, आधी संगमाच्या बाजूला फिरून मग दर्शन घ्यावे. सर्पेच्याच काठी मोहगाव हवेली येथे अर्धनारीश्वराचे देऊळ आहे. एका तीरावर युद्ध मांडणाऱ्या आम्हा लोकांच्या शेजारीच दोन अर्धांचे एक रूप पूजिले जाते, हा योगायोग विचार करावयास लावतो.

सौंसरच्या आसपास चालताना दृष्टी पायाखाली असावी. येथल्या दगडांना जगात मान आहे. भूशास्त्रज्ञ फर्मॉर यांनी मँगनीजच्या खनिजाचा अभ्यास करताना येथल्या प्राचीन खडकांना सौंसरचेच नाव दिले. नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत पसरलेल्या त्या खडकांना आजही भूशास्त्राच्या ग्रंथांत सौंसर समूह म्हणतात. त्याहून पुष्कळ अलीकडची गोष्ट म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचा एक थर थंड होऊन दुसरा येईपर्यंतच्या काळात येथे तळी होती, त्यांत वनस्पती वाढत होत्या. गारेच्या दगडात त्या जशाच्या तशा जपल्या गेल्या. प्राध्यापक बिरबल साहनी आणि एच. एस. राव यांनी 1943 साली सौंसर परिसरातील या अश्मीभूत वनस्पतींवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात अझोला या पाणवनस्पतीची एक प्राचीन जात आहे. आज आमचे शेतकरी गुरांच्या चाऱ्यासाठी टाक्यात जो अझोला वाढवितात, त्याचीच ही अतिपूर्वज. असे दगड पाहावे, वाटल्यास हातात घ्यावे आणि होते तेथेच ठेवावे.

चौथी वाट रामाकोन्याजवळ कन्हानच्या काठाची. कन्हानचे पात्र जामपेक्षा रुंद, वाळू विपुल. याच बाजूने छिंदवाड्याकडे जाणारी छोटी गाडी धावत असे. 2015 साली ती बंद झाली आणि नंतर तिच्या जागी मोठा मार्ग झाला. पावसाळ्यात मात्र कन्हानच्या पात्रात उतरू नये. वर सातपुड्यात पाऊस पडला की येथे आकाश निरभ्र असतानाही पाणी अकस्मात चढते. वाळू उपसलेल्या ठिकाणी खोल डोह असतात, ते वरून दिसत नाहीत.

ज्यांना इतकेही चालवत नाही त्यांनी गावातल्या बागेत फेऱ्या घालाव्यात. नागपूरच्या महाराजबागेची ऐट आमच्या बागांना नाही. चार बाक, दोन झोपाळे आणि काही कडुनिंब एवढीच त्यांची संपत्ती. पण तेथील कट्ट्यावर सायंकाळी निवृत्त मंडळींच्या ज्या गप्पा चालतात, त्यांत गावाचा अर्धा इतिहास कानी पडतो.

सोबत फार काही नको. टाचेला घट्ट बसणारे जोडे, हातात काठी, पाण्याची बाटली, मुरमुरे-फुटाण्यांची पुडी. कार्तिक ते फाल्गुन हा काळ उत्तम. बागेतले फळ मालकाला विचारल्यावाचून तोडू नये. विचारल्यास तो एकाऐवजी चार देतो, हा आमचा अनुभव.

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. एकदा आम्ही सहावीच्या मुलांना आपल्या नदीवर दहा ओळी लिहावयास सांगितल्या. बहुतेकांनी गोटमारीवर लिहिले. पाणी, पक्षी, मासा, कशाचाही उल्लेख नाही. पुढच्या रविवारी त्यांना घेऊन आम्ही काठाने तासभर चाललो आणि सोमवारी तेच दहा ओळींचे काम पुन्हा दिले. या वेळी खंड्या आला, धोबी आला, मामाच्या बागेची मोटार आली. एका मुलीने शेवटच्या ओळीत विचारले होते, "सर, आपल्या नदीला वास का येतो?"

त्या वहीवर आम्ही लाल शाईने काही लिहू शकलो नाही, कारण उत्तर वहीत मावणारे नव्हते. गावाचे सांडपाणी पात्रात येते आणि उन्हाळ्यात धार आटून डबकी उरतात, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ठाऊक असणे वेगळे आणि नाकाने अनुभवणे वेगळे. ज्या नदीच्या काठाने कोणी चालत नाही, तिचा नाला व्हावयास वेळ लागत नाही. कोणी पाहत नाही, म्हणून कोणी विचारीत नाही. आणि विचारणारा नसला की करणाराही नसतो. त्या मुलीसारखे पन्नास प्रश्न गावात फिरू लागले, तर नगरपालिकेलाही कधीतरी उत्तर द्यावे लागेल.

म्हणून आमची विनंती एवढीच. सुटीत आजोळी वा सासुरवाडीला या बाजूस आलात, तर घरच्या मुलांना बोट धरून जामच्या काठाने एकदा न्या. पोळ्याच्या दिवसांखेरीज कोणत्याही दिवशी या. सावरगावच्या बाजूने निघा आणि पांढुर्ण्याच्या बाजूने परता, म्हणजे दोन्ही तीर सारखेच आपले आहेत, हे पायांना कळेल.