बाळाला कुठं ठेवू?

न्हावऱ्याहून चौफुल्याकडे निघालं की वाटेत भीमा लागते. अलीकडे आमचा शिरूर तालुका, पलीकडे दौंड, आणि दोन्ही काठांना ऊस. दिवाळी सरली की बीड, पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, शिवारात त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात.

एका वर्षी मी वही घेऊन कोप्यांवर मुलं नोंदवायला गेले. शाळेच्या वयाची सतरा निघाली. शाळेनं सगळी दाखल करून घेतली. 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं दाखला नाही म्हणून मूल अडवता येत नाही. आठवड्यानं वर्गात डोकावले, तर पाचच, आणि पाचही मुलगे.

पुन्हा कोपीवर गेले. दहा-अकरा वर्षांची पोर, कडेवर तान्हा भाऊ. आईबाप भल्या पहाटे फडात गेलेले. मी तिला विचारलं, "शाळा आवडत नाही का गं?" तो प्रश्न आठवला की आजही खजील व्हायला होतं.

"आवडती की. पण बाई, बाळाला कुठं ठेवू?"

अंगणवाडीत बसवतात ती तीन वर्षांपुढची. कोपीतली पोरगी हीच त्या तान्ह्याची अंगणवाडी. मी बचत गटाच्या बैठकीत हे बोलले. बाळं सांभाळायला दोन म्हाताऱ्या आपणहून उठल्या. समाजमंदिरात जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या. पण परक्या गावात तान्हं कुणाच्या हाती द्यायचं? पहिल्या दिवशी त्या पोरीची आई तोड सोडून आली, दारात उभी राहिली, बाळ झोपल्यावरच फडात परतली. तिचा तेवढा खाडा आम्हाला फार मोठा वाटला. पुढच्या सोमवारी वर्गात तेरा मुलं होती, त्यात सात मुली.

वयाप्रमाणे ती पोर पाचवीत बसली, वाचायची मात्र दुसरीचं. संध्याकाळी गावातली कॉलेजची मुलं तिच्यासारख्यांना घेऊन देवळात बसत.

फेब्रुवारीत मुकादमानं टोळी रातोरात पलीकडे, दौंडच्या हद्दीत हलवली. सकाळी कोपीच्या जागी चुलीचे तीन दगड. दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचं तिचं शिक्षण हमी कार्ड गुरुजींच्या कपाटातच राहिलेलं. ते घेऊन आम्ही पूल ओलांडला, फडाफडांतून विचारत टोळी गाठली. तिकडच्या शाळेनं कार्ड पाहून तिला लगेच वर्गात घेतलं.

झोळी मात्र तिथं नव्हती. तिथल्या बायका म्हणाल्या, "लुगडं देतो, पण बसायला माणूस मिळंपर्यंत थांबा." आमच्या त्या दोन म्हाताऱ्यांतली थोरली म्हणाली, "तवर मी जाते." आणि पुढचे नऊ दिवस ती सकाळच्या गाडीनं, डब्यात भाकरी घेऊन, नदीपलीकडे जात राहिली.