हंगामांवर मोजायची नोकरी

राहुरी, अकोला, परभणी, दापोली. कुठल्याही कृषी विद्यापीठाच्या वाचनालयात डोकावा, टेबलावर पिकांपेक्षा राज्यघटनेची पुस्तकं जास्त. बी.एस्सी. ॲग्री झालेल्याला घरचे ‘एमपीएससी कधी?’ विचारतात, एआरएस नावाची परीक्षा असते आणि पुढचं शिक्षण केलं की तिच्यातून थेट शास्त्रज्ञ होता येतं, हे निम्म्या घरांना माहीत नसतं.

*

पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ सालचं. आपल्याकडे उसाला तुरा येतो, पण बी नीट धरत नाही. म्हणून संकर बहुतेक कोइमतूरला होतात आणि तिथून आलेलं भुरभुरीत बी इथं रुजवायचं. हजारो रोपांतून मूठभर ठेवायची. त्यांची परीक्षा सुरू, पूर्वहंगामी, आडसाली अशा तिन्ही लागणींना, वर खोडवा. आडसालीचा एक पेपर दीड वर्षाचा! ‘को ८६०३२’मधला ८६ म्हणजे १९८६, महाराष्ट्रात शिफारस झाली १९९६ला. पाडेगावचा ‘फुले २६५’ आला २००७मध्ये. आता तिशीत नोकरीला लागलेल्या माणसानं हिशोब करावा, आपल्या वाट्याला किती वाण येतील? आणि आले तरी त्यांवर नाव विद्यापीठाचंच.

*

शास्त्रज्ञाची बदली झाली की पुढच्याच्या हाती रजिस्टर येतं. कुठल्या ओळीत गेल्या वर्षी काय बिनसलं होतं, ते मात्र प्रक्षेत्रावरच्या मजूरबाईंना विचारावं लागतं. शोधनिबंधात त्यांचं नाव कुठे घालायचं, याला रकाना नाही.

*

वेंगुर्ल्याचा ‘रत्ना’ आंबा, १९८१. नीलम आणि हापूसचा संकर. फळ मोठं, साका नाही. पुढे ‘सिंधू’, कोय अगदी पातळ. संशोधनाच्या बाजूनं दोन्ही पैकीच्या पैकी. गिऱ्हाईक अजून हापूसच मागतं.

*

कृषी अभियांत्रिकीवाल्यांचं जरा बरं, असं वाटतं. दापोलीचा ‘नूतन झेला’ घ्या: आंबा देठासकट उतरतो, चीक फळावर ओघळत नाही, डाग पडत नाही. साधं अवजार, लगेच पटणारं. पण पातं चुकलं तर दुरुस्ती आठवड्यात होते, तपासायला झाडावर आंबे पुढच्या वर्षीच.

*

नागभीडजवळच्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. पदवी नाही, पद नाही. १९८३मध्ये ‘पटेल ३’च्या धानात वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या बाजूला काढून वर्षानुवर्षं पेरत राहिले, तोच पुढे एचएमटी तांदूळ. २०१८मध्ये ते गेले. वाण निवडीच्या पहिल्या तासाला मी त्यांच्यापासून सुरुवात केली असती.

*

करारावरच्या एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ संशोधन छात्र असलेल्या मुलांची गोष्ट वेगळीच. प्रकल्प तीन वर्षांचा, आंब्याचं संकरित रोप फळावर यायला त्याहून जास्त. रोपावर डोळा ठेवून बसलेला मुलगा फळ धरायच्या आत दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या पिकावर.

*

पीएच.डी.ला गाईड कोण, हे मुलं चौकशी करकरून ठरवतात. पीक कोणतं, हे आधी विचारावं. मूग सत्तर दिवसांत हाती येतो, एक पेरणी फसली तर दुसरी करता येते. भाट्याच्या संशोधन केंद्रात नारळावर काम घेणाऱ्यानं घरी आधीच सांगून ठेवावं.