गोलकीपर उशिरा पिकतो

गोलकीपर मुलांचे पालक भेटले की आधी विचारतात, यंदा किती गोल खाल्ले? माझ्या वहीत तो आकडा सगळ्यात शेवटी येतो. बचावफळी ढिली असेल तर गुणी पोरावरही सहा गोल होतात, आणि ती भक्कम असेल तर कच्चा पोरगाही कोरा सुटतो.

मी आधी पाय बघतो. आमच्या बुऱ्हाणपूरची पोरं मुरमाच्या मैदानावर हॉकी शिकतात. तिथे चेंडू कधी उसळेल, कधी बसेल, नेम नाही. म्हणून इथला कीपर भार टाचांवर ठेवून थांबतो आणि शेवटच्या क्षणी हात घालतो. मुरमावर हे शहाणपण आहे, टर्फवर घातक. ताशी शंभर किलोमीटरची ड्रॅग फ्लिक डीच्या रेषेवरून, म्हणजे 14.63 मीटरवरून, जेमतेम अर्ध्या सेकंदात गोलात शिरते. तिथे भार पंजांवरच हवा. ही सवय मोडताना पोरगा काही महिने आधीपेक्षा वाईट खेळतो. नेमकी त्याच वेळी निवड चाचणी आली, तर दोन दिवसांच्या खेळावर तो बाद होतो. ही पद्धत मला अजिबात मान्य नाही.

सध्या माझ्याकडे एका यंत्रमाग कामगाराचा मुलगा आहे. नवशिका कीपर चेंडूला नुसता पाय लावतो आणि चेंडू पुन्हा फॉरवर्डच्याच स्टिकवर जातो. हा मुलगा मात्र पायातला किकर, म्हणजे कीपरचा जाड बूट-पॅड, किंचित बाहेर वळवतो, चेंडू कोपऱ्याकडे निघून जातो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. गोल झाला की मान खाली घालत नाही. कुठला खेळाडू मोकळा सुटला होता ते फुलबॅकला तिथल्या तिथे सांगतो. माझ्या लेखी याचं मोल एखाद्या अफलातून बचावापेक्षा जास्त आहे.

कीपर सावकाश घडतो, याचे दाखले आपल्याकडेच आहेत. आपल्याच मध्य प्रदेशातल्या महूचे शंकर लक्ष्मण आधी फुटबॉल खेळायचे, लष्करात बँडमध्ये भरती झाले. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतावर एकही गोल झाला नाही, तेव्हा गोलात ते होते. 1964 ला टोकियोत पाकिस्तानविरुद्धचा अंतिम सामना 1-0 ने जिंकला, तेव्हाही तेच. गोलकीपर श्रीजेशचं भारताकडून पदार्पण 2006 चं, ऑलिंपिक पदक 2021 मध्ये. मधली पंधरा वर्षं कुठल्या चाचणीत मोजणार?

आइस हॉकीत तर कीपर उशिरा पिकतो याची लेखी नोंदच सापडते. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगचे संघ अठराच्या आसपासची मुलं क्रमाने निवडतात. 1983 मध्ये गोलकीपर डॉमिनिक हाशेकचा क्रमांक 199वा लागला, 2000 मध्ये गोलकीपर हेन्रिक लुंडक्विस्टचा 205वा. हाशेकने 1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये चेक संघाला सुवर्ण मिळवून दिलं. लुंडक्विस्ट न्यूयॉर्क रेंजर्सकडून पंधरा हंगाम खेळला. फॉरवर्डची चपळाई सोळाव्या वर्षी दिसते. कीपरचं खरं भांडवल म्हणजे समोरच्याच्या खांद्यावरून फटका ओळखणं, आणि ते हजारो फटके अंगावर घेतल्यावरच येतं.

म्हणून या मुलाच्या अहवालात मी लिहिलं आहे: हात उत्तम, रिबाउंडची जाण चांगली, बचावफळीशी बोलतो, डावीकडची उंच फ्लिक कच्ची, भार अजून टाचांवर जातो. सलग एक हंगाम टर्फवर खेळवावं, निवडीचा निर्णय त्यानंतर घ्यावा.