एजियन समुद्र आणि पामुलगौतमचा डोंगा

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये मुलीच्या आग्रहाने आम्ही उभयता ग्रीसला जाऊन आलो. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून सकाळी जहाज सुटले. त्याच्या पोटात मोटारी, मालट्रक आणि दुचाक्या ओळीने शिरताना पाहून सौ. थक्क झाली. चार-पाच तासांत पारोस, पुढे नाक्सोस, मग सांतोरिनी. पांढरीशुभ्र घरे आणि निळे पाणी यांचे वर्णन अनेकांनी केले आहे, म्हणून ते मी करीत नाही. नाक्सोसचे बटाटे तिकडे नावाजलेले. आमच्या ते उपयोगाचे नव्हते! सूर्यास्तापूर्वी डेकवर बसून घरचे खाखरे खाण्याचा आनंद मात्र अपूर्व होता.

आमच्या मार्गदर्शकाने सांगितलेली एक गोष्ट माझ्या बँकेतल्या मनाला विशेष भावली. दूरच्या लहान बेटांवर हिवाळ्यात प्रवासी फारसे नसतात आणि तिकिटांतून बोटीचा खर्च निघत नाही. तरीही तेथे बोट जाते, कारण तोटा सरकार भरून देते. बेटावर राहतो म्हणून माणूस तुटून पडू नये, हा त्यामागचा विचार.

हे ऐकून सौ. सहज म्हणाली, "अहो, तुमच्या गडचिरोलीच्या नद्यांवर अशी बोट होती का हो?"

मी उत्तर दिले नाही. ते देण्यासाठी मला चौतीस वर्षे मागे जावे लागले असते.

१ एप्रिल १९८९ रोजी बँकांना 'सेवाक्षेत्र' पद्धत लागू झाली आणि प्रत्येक ग्रामीण शाखेला गावे वाटून देण्यात आली. मी तेव्हा तिशीतला अधिकारी, गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका शाखेत. "कुटुंब आणू नका," असा वरिष्ठांचा सल्ला असल्याने सौ. चंद्रपुरातच राहिली. आमच्या यादीतली काही गावे नदीपलीकडची होती. त्यांपैकी एका माडिया शेतकऱ्याला एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून बैलजोडीसाठी कर्ज दिले होते. आदिवासी लाभार्थ्याला निम्मे अनुदान असे; उरलेल्या रकमेचे हप्ते. जूनचा हप्ता आला नाही. सप्टेंबरच्या अहवालात मी टेबलाशी बसून लिहिले : 'कर्जदार भेटत नाही. परतफेडीची इच्छा दिसत नाही.'

नोव्हेंबरमध्ये तो चालत शाखेत आला. पळसाच्या पानात बांधलेल्या नोटा त्याने टेबलावर ठेवल्या. तीन बाजारांना तो नदीपर्यंत येऊन परत गेला होता. "नदी उतरली आणि आलो," एवढेच तो म्हणाला. मी पावती दिली. अहवाल मात्र केव्हाच वर गेला होता आणि तो दुरुस्त करून घेण्याचे मी आज-उद्यावर टाकले. पुढल्या वर्षी माझी बदली झाली. त्याचा नवा कर्जअर्ज त्याच शेऱ्यावरून परत आल्याचे नंतर एका सहकाऱ्याच्या पत्रातून कळले. त्या संपूर्ण काळात मी ती नदी एकदाही ओलांडली नव्हती.

ग्रीसहून परतल्यावर हे सर्व मी सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "मग आता जाऊ या."

२०२४ च्या जानेवारीत आम्ही निघालो. चंद्रपूरहून आष्टीला वैनगंगा ओलांडली. थोडे खाली, चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते आणि पुढे त्या प्रवाहाचे नाव प्राणहिता होते. आलापल्लीचे सागवान अजूनही मान वर करून पाहावे असेच. तेथून एटापल्लीमार्गे सूरजागडच्या डोंगरापर्यंत गेलो. माडिया बांधवांचा ठाकूरदेव या डोंगरावर. जानेवारीच्या आरंभी येथे यात्रा भरते. याच डोंगरात लोहखनिज आहे आणि २००७ साली ३४८ हेक्टरचा खाणपट्टा देण्यात आला. माझ्या वेळी ज्या रस्त्यावर एस.टी. दिसली तर दिसे, तेथे आता खनिजाच्या ट्रकांची रांग होती आणि कडेच्या पानांवर लाल धूळ. लोखंडाला बाहेर पडायला वाट मिळाली, हे पाहून त्या नोव्हेंबरमधला चालत आलेला माणूस आठवला.

आलापल्लीला परतून हेमलकसा गाठले. १९७३ साली बाबा आमटे यांनी सुरू केलेला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वाढवलेला लोकबिरादरी प्रकल्प पाहून भामरागडला पोचलो. येथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम आहे. हिवाळ्यात नद्या शांत असतात. पावसाळ्यात मात्र पर्लकोटेचा ठेंगणा पूल पाण्याखाली जातो, भामरागडचा संपर्क तुटतो, आणि आसपासची गावे म्हणजे अक्षरशः बेटे होतात. आपले साधुसाध्वी चातुर्मासात एका जागी राहतात, तो स्वीकारलेला नियम आहे. या गावांवर तोच स्थिरवास लादला जातो, आणि त्यात आजारी माणसे व बाळंतिणीही असतात.

घाटावर एका झाडाच्या खोडातून कोरलेला डोंगा होता. बसायला फळी नाही, तळाशीच बसायचे; काठ पाण्यापासून वीतभर वर. पिरेयसच्या जहाजावर जीवरक्षक जाकिटांची जागा आम्हाला आधी दाखवली होती. येथे नावाड्याने फक्त "हलू नका" म्हटले आणि बांबू रोवला. सौ.ने एका हाताने काठ आणि दुसऱ्या हाताने माझी बाही धरली. पाच-सात मिनिटांत पलीकडे पोचलो. चौतीस वर्षे जे झाले नव्हते ते एवढ्यात झाले.

तो शेतकरी आता हयात नाही. त्याचा मुलगा आश्रमशाळेत शिकलेला, मराठी चांगले बोलतो. त्याने खाट टाकली, बिनदुधाचा चहा दिला. मी अहवालाची हकीकत सांगितली आणि क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पूर होता ना साहेब. तुम्ही तरी कसे येणार?"

मी येण्याचा प्रयत्नच केला नव्हता, हे मी त्याला पुन्हा सांगितले. तो उठून आणखी चहा आणायला गेला.

पुढे सिरोंच्याला गेलो. तेथे प्राणहिता गोदावरीला मिळते. पलीकडच्या काळेश्वर मंदिरात एकाच पीठावर दोन लिंगे आहेत. पूर्वी तेथे नावेने जावे लागे. आता पुलावरून काही मिनिटांत पोचलो. सोमनूरला इंद्रावती व गोदावरी यांच्या संगमावर महाराष्ट्र, तेलंगण आणि छत्तीसगड एकत्र भेटतात.

वाचकांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात येथे अवश्य जावे. मुक्कामाची सोय आधी करावी, कोरडा खाऊ जवळ ठेवावा, आणि निदान एक नदी डोंग्यातून ओलांडावी. भामरागडला नव्या उंच पुलाचे काम चालू होते. तो झाला, की त्यावरून पावसाळ्यात एकदा जाऊन यायचे, असे आम्ही ठरवले आहे.