शेवटची ओळ

मशीन पडताना त्याने लॉगमध्ये लिहिलेली शेवटची ओळ, मला तेवढीच हवी असते. बाकीच्या लाखभर ओळी सुखरूप येतात आणि नेमकी तीच वाटेत राहते.

गेल्या वर्षापासून आमच्या शहरातल्या तात्यापारा मोहल्ल्यातली एक मराठी मुलगी पुरानी बस्ती या भागात माझ्याकडे शिकायला येते. तिने एकदा विचारलं, "काका, यूडीपी सोडून टीसीपी लावलं, मग ओळ हरवते कशी?" आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं; मी रेल्प हा लॉग पाठवायचा प्रोटोकॉल लावून देत होतो आणि लोक पैसे देत होते. टीसीपीवर ओळ गेली म्हणजे आपल्याच कर्नलच्या बफरमध्ये पडली, एवढंच. पलीकडचा सर्व्हर मेलेला असेल तर लॉग गोळा करून पाठवणाऱ्या आरसिस्लॉगला ते उशिरा कळतं, तोवर बफरमधलं हरवलेलं असतं. आरसिस्लॉग लिहिणाऱ्या राइनर गेरहार्ड्‌स यांनी २००८ मध्ये स्वतःच हे दुखणं उघड मांडलं. त्यांच्या रेल्पमध्ये पलीकडून पोच येते. पोच नाही आली तर ओळ पुन्हा जाते.

"आणि पाठवणाराच मेला तर?"

इथे मी कायम अडतो. आरसिस्लॉगची डिस्कचा आधार दिलेली क्यूसुद्धा मेमरी भरत येईपर्यंत डिस्कला हात लावत नाही. मशीनवरचाच लॉग ठेवणारा जर्नलडी मूळ सेटिंगवर साध्या ओळी पाच-पाच मिनिटांनी डिस्कवर पक्क्या करतो. क्रिटिकल आणि त्यावरच्या तेवढ्या लगेच. आमच्याकडे पहिल्या पावसात वीज गेली आणि यूपीएसने मान टाकली, की ती मिनिटं गेलीच म्हणून समजा. डेबियनने २०२३ मध्ये, बाराव्या आवृत्तीपासून, आरसिस्लॉग आपणहून टाकणं बंद केलं. नव्या पोरांना जर्नलडी पुरतो. मला पुरत नाही.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने १८० दिवसांचे लॉग ठेवणं आणि घड्याळं जुळवणं सक्तीचं झालं. घड्याळांचं फार चांगलं झालं. पण साठे वाढले, वाचणारे वाढले नाहीत. पडलेल्या मशीनची शेवटची ओळ कुठवर आली होती, हे कुणी बघत नाही, याचा मला राग येतो.

त्या रागात माझा अहंकारही आहे. रात्री फोन यावा आणि काय झालं ते सगळ्यांआधी मी सांगावं, हे मला फार आवडतं.

कर्नल पॅनिक झाला, म्हणजे मशीनचा गाभाच कोसळला, तर आरसिस्लॉगपर्यंत काही येतच नाही. म्हणून मुलीने नेटकन्सोल लावून चाचणीचं मशीन मुद्दाम पाडलं. यात कर्नल ओळी थेट नेटवर्क कार्डाकडे देतो, त्याही यूडीपीवर, पोचेची वाट न बघता. ज्या यूडीपीला मी जन्मभर नावं ठेवली, त्यावरून कॉल ट्रेस आला आणि अर्ध्यात तुटला. उरलेला अर्धा तिला सीरियल केबलवरून पकडायचा आहे. केबल माझ्या कपाटात आहे. तिला अजून दिलेली नाही. आधी मला स्वतः लावून बघायची आहे.