कान गेले, तरी माणूस जाऊ नये

आमच्या देडतलाईत एक वृद्ध गृहस्थ आहेत. तरुणपणी ते बऱ्हाणपुरास गेले आणि तीस वर्षे यंत्रमागांवर राबून गावी परतले. रविवारच्या मिस्साला ते नेमाने येत. पुढे येईनासे झाले. आम्ही एका प्रवचनात, नाव न घेता, थंडावलेल्या श्रद्धेविषयी चार कठोर शब्द बोललो. ते त्यांच्या कानी पडले नाहीत, पण त्यांच्या सुनेच्या पडले, आणि ती माउली घरी जाऊन रडली.

हे कळताच आम्ही त्यांच्या घरी गेलो. बाबा ओसरीवर एकटेच बसले होते. "बाबा, देवळात का येत नाही?" असे तिसऱ्यांदा ओरडून विचारले, तेव्हा ते म्हणाले, "फादर, दोन वर्षांमागे नाताळच्या आधी मी पापनिवेदनाला आलो होतो. तुमचे बोलणे मला ऐकू येईना, म्हणून तुम्ही आवाज चढवला. बाहेर बाकावर माणसे बसली होती. त्यांनी ऐकले. पोरे हसली. आता कोणत्या तोंडाने येऊ?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. पापनिवेदनाचे गुपित प्राणांपलीकडे जपावे, असे आम्ही सेमिनरीत शिकलो. आणि केवळ घाईपोटी आमच्याच आवाजाने ते बाकापर्यंत पोहोचवले. आम्ही बाबांची क्षमा मागितली. हा प्रसंग लिहिण्यास त्यांनीच अनुमती दिली आहे. इतरांस उपयोग व्हावा, ही त्यांची इच्छा.

बाबांचे कान एका दिवसात गेले नाहीत. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यातील अतिसूक्ष्म पेशी आवाज टिपून मज्जातंतूकडे देतात. सततच्या गोंगाटाने त्या मरतात, आणि एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज दिवसातून आठ तास सोसावा, त्याहून अधिक नाही, असे जाणकार सांगतात. पुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती केवळ १५ मिनिटे उरते. मागांचा खडखडाट ही मर्यादा सहज ओलांडतो, आणि लग्नाच्या वरातीतील डीजे तर त्याच्याही पुढे जातो. म्हणून जे तरुण आज मागांवर वा मळणीयंत्रावर कामास जातात, त्यांनी कानांत घालावयाची बुचे अवश्य वापरावीत. नुसता कापसाचा बोळा पुरत नाही.

लेकरांच्या बाबतीत तर आपली जबाबदारी अधिक आहे. मुलांच्या बहिरेपणाची सुमारे ६० टक्के कारणे टाळता येण्याजोगी आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोवर व रुबेला हे आजार कान घेऊन जातात. त्यांची लस नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास मिळते, ती चुकवू नये. कान वाहत असेल तर त्यात कढवलेले तेल, लसणाचा रस वा दूध घालू नये. कान कोरडा ठेवून डॉक्टरांकडे जावे. आगपेटीच्या काडीने किंवा आकड्याने कान कोरू नये. मळ बहुधा आपोआप बाहेर येतो, आणि घट्ट बसलाच तर तो काढणे हे डॉक्टरांचे काम. तान्हे मूल आवाजाने दचकत नसेल, वर्षाचे होऊनही एखादा शब्द बोलत नसेल, तर "त्याचा बापही उशिराच बोलला" असे म्हणून थांबू नये. आपल्या देशात बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६–०७ पासून चालू आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणीची चौकशी करावी. जितक्या लवकर दोष कळेल, तितकी भाषा पदरी पडते. मूकबधिर मूल शिकू शकते, हे आपल्या धर्मसभेला नवे नाही. मुंबईचे बिशप लिओ म्यूरिन यांनी १८८० नंतरच्या दशकात अशा मुलांसाठी शाळा काढली. भारतातील या प्रकारच्या पहिल्या शाळांत तिची गणना होते.

पण ज्यांचे कान गेलेच, त्यांचे काय? बाबांना श्रवणयंत्र मिळाले. पहिल्या आठवड्यात भांड्यांचा खणखणाट डोक्यात घुमतो म्हणून त्यांनी ते डब्यात टाकून दिले होते. यंत्राची सवय होण्यास काही आठवडे लागतात, हे आम्हांस व घरच्यांस ठाऊक नव्हते. आता रोज थोडा थोडा वेळ वाढवीत ते यंत्र लावतात. सूनबाई त्यांच्यासमोर उजेडात उभी राहून, सावकाश, लहान वाक्यांत बोलते. ओरडत नाही; ओरडल्याने शब्द फाटतात आणि चेहरा रागीट दिसतो. एक शब्द कळला नाही तर दुसरा वापरते. "काही नाही, राहू द्या" हे वाक्य मात्र त्या घरातून हद्दपार झाले आहे. बाबा म्हणाले, "फादर, न ऐकू येण्याचे दुःख सोसवते; 'काही नाही' हे सोसवत नाही."

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभूने एका बहिऱ्यास बरे केल्याची कथा आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू बाळाच्या कानांस व ओठांस स्पर्श करतो, तो तिच्याच स्मरणार्थ. ही कथा आम्ही वेदीवरून कितीदा वाचली असेल! परंतु प्रभूने त्या माणसास आधी गर्दीतून बाजूला नेले, ही गोष्ट बाबांच्या ओसरीवर बसेपर्यंत आमच्या ध्यानी आली नव्हती.

हल्ली ज्यांना कमी ऐकू येते, त्यांचे पापनिवेदन आम्ही वेदीमागील खोलीत, दार लावून ऐकतो. तेथे एक पाटी ठेवली आहे. आम्ही तिच्यावर लिहितो, ते वाचतात, आणि ओल्या फडक्याने ती त्यांच्यादेखत पुसली जाते. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्याशी समोर बसून हळू बोलतो. देवळातील पहिला बाकही अशांसाठी राखला आहे.

प्रिय कुटुंबांनो, आज जेवणाच्या वेळी आपल्या घरात कोण गप्प बसले आहे, ते पाहा. त्यांच्यासमोर जाऊन बसा आणि दिवसभरात काय घडले ते पहिल्यापासून सांगा. आणि ज्यांनी ऐकू येत नाही म्हणून देऊळ सोडले असेल, त्यांना सांगा, की फादरांनी पाटी घेतली आहे.